हिरव्या झग्याची पाठ

अलीमियाँ मूळचे दाभोळचे. बावीस वर्षं मस्कतात, मदिनत सुलतान काबूस या गोऱ्यांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर शिलाईचं दुकान. नियम एकच: नुसत्या चित्रावरून शिवायचं नाही. चित्राला पाठ नसते.

म्हणून २००९ साली कॉलनीतल्या हार्परबाईंनी डीव्हीडीच आणून दिली. दीडशे वर्षांपूर्वीचे बंडखोर इंग्रज चित्रकार आणि त्यांची प्रेमप्रकरणं, अशी मालिका. कॉलनीतल्या बायका तसे कपडे घालून पार्टी करणार होत्या. बाईंना नायिकेचा हिरवा झगा हवा होता, गुरुवारपर्यंत. "जमला तर सगळ्या कॉलनीचं काम तुझं," त्या म्हणाल्या. फसला तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. अलीमियाँना कळलं.

दुपारचं जेवण उरकून ते वही-पेन्सिल घेऊन बायकोसह टीव्हीसमोर बसले. पाचव्या मिनिटाला पाठ दिसली. झग्याचे पाठीवरचे दोर सुटलेले होते.

"या अल्ला!" कुलसुम किंचाळली. "अवो, हे चित्रंच काढतायत ना?"

"काढतायत. तू डोळे मीट."

"आणि तुमी?"

"मी माप बघतोय."

सहा भागांत चित्रकारांनी चार चित्रं पुरी केली. झगा नऊ वेळा उतरला. कुलसुमनं तोंडावर ओढणी धरली होती, पण मोजणी तिचीच.

झगा मापात बसला. गुरुवारी संध्याकाळी कुलसुम स्वतः जाऊन बाईंच्या अंगावर चढवून आली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून अलीमियाँनी शटर वर केलं, तर हार्परबाई दारात. भर उन्हात, हिरव्या झग्यात. बाईंनी वळून पाठ दाखवली. दोराच्या प्रत्येक गाठीवर दुहेरी धाग्याचे टाके. हात ओळखीचा होता.

"झगा उतरेचना. रात्र खुर्चीत बसून काढली," बाई म्हणाल्या. "इतक्या सुंदर कापडाला कात्री लाववेना."

अलीमियाँनी मागच्या खोलीतून कुलसुमला बोलावलं. "काय केलंस गो हे?"

"नवरीची ओढणी नाय टाचत आपण? घसरू नये म्हणून?" ती शांतपणे ब्लेडनं टाके उसवू लागली. "त्या टीव्हीतल्या पोरीला टाचणारं कोण नव्हतं, म्हणून तर तो तमाशा."

आता कॉलनीचं दार बंद, असं धरून अलीमियाँ स्टुलावर बसले.

"काल बाकी सगळ्या जणी आपापले झगे वर ओढत होत्या," बाई म्हणाल्या. "माझा जागचा हलला नाही. उद्या चौघी मापं द्यायला येतायत. फक्त, दोर सोडता आले पाहिजेत."

अलीमियाँ उभे राहिले. पुन्हा बसले.

कुलसुमनं सुईत दोरा ओवला. "चौघींची लग्नं झालीयत ना, तेवढं विचारून घ्या."