पूजेबाहेरचा पाना

बाळांनो, गॅरेजमधून आणल्यापासून गाडी गचके खाते, असं तुम्ही काल फोनवर म्हणालात आणि मला धुळ्याचा आमचा मिस्त्री आठवला. क्रमाने सांगते, आधी गाडीचं, मग माणसाचं.

दुरुस्तीनंतर गाडी कुरकुरली, की इतर मेकॅनिक पेट्रोलला नाहीतर ड्रायव्हरला दोष देत. मिस्त्री मात्र दोन्ही हात पायजम्याला पुसायचा आणि म्हणायचा, "आधी मन्हा हात कोठे लागना ते देखू." मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. ठिणगी उशिरा पडते आहे असं ऐकू आलं, की ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवायचा. इंजिन एका सुरात चालू लागायचं.

तुमचे आजोबा डॉक्टर. एकदा ते म्हणाले, "मिस्त्री, माझा स्टेथोस्कोप देऊ का?"

"तुम्हना पेशंट बोलतस तरी, डॉक्टरसाहेब. मन्हा नुसता खोकतस."

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. त्या खंडेनवमीला सकाळीच त्याने आमच्या गाडीचं व्हॉल्वचं काम संपवलं आणि सगळी हत्यारं पूजेला मांडली. आमच्या डिकीतलीसुद्धा पुसून पाटावर ठेवली. दुपारी पिंपळनेरच्या बाजूच्या खेड्यातून निरोप आला, बाई अडली आहे. गाडी सुरू केली तर ती फटफट करत गचके खाऊ लागली, पाय दाबला तरी ओढेना. तशीच मिस्त्रीच्या शेडवर नेली.

त्याने ऐकलं. चेहरा उतरला. "ठिणगी मांगे राहिनी. मन्हीच चूक शे."

काम एका पान्याचं होतं. पाना समोर पाटावर होता, हळदकुंकू लावलेला, वर झेंडू. त्याचा हात पुढे गेला आणि थांबला. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचललं तर ते उलटतं, असं त्याच्या घरात मानत. आसपासच्या सगळ्या शेडांत तीच पूजा होती.

"कसं उचलू, अक्का? सकायले पह्यलं काम तुम्हनं. तठलोंग जाई गाडी."

उद्या सकाळी आधी आमचंच काम, तोवर खेड्यापर्यंत गाडी जाईल, असं तो म्हणाला आणि आम्हीही दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. आजोबांनी मात्र घरच्या पूजेतून स्टेथोस्कोप उचलून आणला होता. त्याच्या नळीला झेंडूची पाकळी चिकटली होती. मिस्त्री त्या पाकळीकडे बघत राहिला.

साक्रीच्या पुढे चढावर गाडी तापून बंद पडली. आजोबा बैलगाडीने पोचले. बाई वाचली, मूल नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मिस्त्री मालट्रकने त्या चढावर गेला. कुंकवाच्या ठशांसकट तोच पाना घेऊन. आजोबांना परत घेऊन आलेल्या बैलगाडीवाल्याने त्याला सगळं सांगितलं. गाडी सुरेख चालू लागली, तरी तो स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून बसून राहिला. आजोबा म्हणाले, "अहो, झालं आता." तो उठला नाही.

पुढे आजोबा भेटले की तो विचारायचा, "ती बाई बरी शे ना?" मुलाबद्दल कधी बोलला नाही. आजोबांनी समजावलं, की वेळेवर पोचूनही कदाचित तेच झालं असतं. तो म्हणाला, "कदाचितच ना?"

त्यानंतर दर खंडेनवमीला एक पाना त्याच्या खिशात असे. शेजारचे चिडवत, "मिस्त्री, एक देव बाहेर राहिला की!"

"राहू द्या. तो आज पहारावर शे."

आम्ही जळगावला निघालो तेव्हा त्याचे कान गेले होते, शेड बंद झाली होती. सामानाच्या गाडीपाशी येऊन त्याने पाना माझ्या हातात दिला. "हाऊ डॉक्टरसाहेबना. पूजामा ठेवू नका."

नंतर त्याची भेट झाली नाही. पाना माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे. खंडेनवमीला घरातलं सगळं पाटावर मांडते, तो मात्र खणातच ठेवते.