टेलच्या टोल्याची पाळी

कोहमाऱ्याच्या फाट्यावर नागपूरच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा फोन आला. समोरच्या ढाब्यावर चहा सांगून ठेवला होता. पिशवीत फादरांसाठी तळून घेतलेले लाखोरीच्या डाळीचे वडे होते. दवाखान्यात त्यांना कोणी ते खाऊ देणार नाही हे माहीत होतं, पण निदान वास तरी घेतील म्हणून घेतले होते. पलीकडून सिस्टरचा आवाज आला, "बाई, निघालात का तुम्ही? ...आता घाई करू नका." एवढंच बोलल्या त्या. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. चहा आला, तो प्यायले. त्या क्षणी काय वाटलं असं लोक आता विचारतात. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी थकवा आला. इतका की समोर गाडी लागली तरी उठवेना. शेवटी कंडक्टरनेच हाक मारली. जिवंत माणसाला भेटायला घरून निघालेली मी, संध्याकाळी मातीला पोचले.

फादर बस्त्याव मूळचे वसईचे. आमच्या भागात मिशनचं छोटंसं वसतिगृह आणि त्याला लागून दवाखान्याची एक खोली आहे, ते बघायला म्हणून आले आणि इथलेच झाले. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. एके दिवशी सायकलवरून शाळेत आले, हातात कागद, आणि म्हणाले, "बाई, माझं मराठी इथे कोणाला कळत नाही. जरा सरळ करून द्याल?" चर्चची सामाजिक शिकवण म्हणून जे काही आहे, त्यातला एक उतारा त्यांनी मराठीत आणला होता. वाक्यं ही एवढी लांब, आणि त्यात वसईचे असे शब्द की मलाच विचारावं लागलं. मी म्हटलं, हे आमच्या लोकांना वाचून दाखवाल तर लोक झोपतील. ते हसले. म्हणाले, "चर्चमध्येही झोपतातच." तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मिशनच्या पडवीत वाचन सुरू झालं. ख्रिस्ती घरं आमच्याकडे बोटावर मोजण्याइतकी. बाकी आम्ही सगळे रिकामटेकडे. मी, माझे यजमान देवराव, दवाखान्यात गोळी घ्यायला आलेल्या बाया. गावात लवकरच कुजबुज सुरू झाली की फादर लोकांना बाटवतात. एकदा दोघा-तिघा तरुणांनी येऊन तोंडावर विचारलं. फादरांनी त्यांना बसवून घेतलं, वसईच्या घरून आलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, खायला दिली आणि म्हणाले, "बाटवणं सोडा, इतक्या वर्षांत मी तुमच्या देवरावजींना साधी तंबाखू सोडायला लावू शकलो नाही." पोरं हसत गेली. पण कुजबुज काही थांबली नाही, आणि ती ऐकून फादर दर वेळी थोडे गप्प होत हे मी बघितलं आहे.

त्यांची पद्धत अशी की थोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मग गावाचं बोलायचं. धान कापायला हार्वेस्टर आलं त्या वर्षीचा वाद मला आठवतो. मशीन दोन तासांत वावर मोकळं करतं, म्हणून आमच्यासारखे शेतकरी खूश होते, आणि कापणीला येणाऱ्या बाया घरी बसल्या. फादर म्हणाले, "यंत्र वाईट असं चर्च म्हणत नाही. पण काम माणसासाठी असतं. मशीन बोलावताना या बायांना कोणी विचारलं का?" देवराव उखडले. "माहं वावर, मी कोनाले कायले विचारू?" फादर शांतपणे म्हणाले, "वावर तुमचंच आहे, देवरावजी. मालकी खोटी नाही. पण पृथ्वी दिली ती सगळ्यांना मिळून दिली, मालकी त्याच्यानंतर येते." त्या दिवशी देवराव चहा न घेता उठून गेले, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसले. असंच त्यांचं चालायचं. रोजगार हमीच्या कामावर हजेरीचा फोटो मोबाइलवर चढवायचा नियम आला तेव्हा रेंज मिळावी म्हणून बाया टेकडीवर उभ्या राहायच्या. हैदराबादकडे कामाला गेलेली पोरं सणालाही परत येईनात. फादर एकेक विषय घ्यायचे. उत्तर मात्र कशालाच सापडायचं नाही. मी कधी कधी चिडून म्हणायचे की या बोलण्याचा उपयोग काय. ते म्हणायचे, "मलाही कळत नाही, बाई. पण न बोलता राहून बघितलं आहे, त्याचा तर काहीच उपयोग होत नाही."

मग सुकवंताबाई बोलली, आणि सगळं बदललं. आमचं गाव इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं. नहर आधी आमच्या गावातून जाते आणि पुढे जंगलाला टेकलेल्या टोल्यावर, एका छोट्या वस्तीवर, संपते. त्या शेवटच्या टोकाला सगळे टेल म्हणतात. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की वरचे आम्ही आपापल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरून घेतो, आणि टेलला पोचेपर्यंत पाळी संपलेली असते. हे इतकं जुनं की त्यात काही चूक आहे असं कोणाला वाटतही नव्हतं. सुकवंताबाई टोल्यावरची गोंड बाई, नवरा लवकर गेलेला. टेलच्या अगदी टोकाला तिच्या दोन बांध्या, आणि उन्हाळ्यात त्यात एक दाणा नाही. मग मोहफुलं, तेंदूपत्ता, मिळेल ती मजुरी. ती शनिवारी यायची ती गुडघ्याच्या गोळीसाठी. फादरांनी पुन्हा तेच वाचलं, पृथ्वी सगळ्यांना मिळून दिली, तर ती मागून म्हणाली, "मंग इटियाडोचं पानी बी सगळ्याइचं हाय का जी?" पडवीतल्या माना देवरावांकडे वळल्या. देवराव नहरीच्या पाळ्या ठरवणाऱ्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष, ते बाजूलाच बसले होते.

कोणीतरी म्हणालं, फादर, तुम्ही वर पाटबंधारेच्या साहेबाकडे अर्ज करा. फादर नको म्हणाले. जे गावाला स्वतः करता येतं ते वरच्यांनी हातात घेऊ नये, हीही त्यांच्या चर्चची शिकवण होती, आणि ती ते फारच मनावर घ्यायचे. संस्थेच्या बैठकीला ते आले, पण मागे भिंतीला टेकून बसले आणि बोलू दिलं सुकवंताबाईला. ती धड चार वाक्यं बोलली असेल. बाकी वेळ आमचीच माणसं ओरडत होती. तीन बैठका झाल्या. शेवटी देवराव कबूल झाले, अर्धे मनापासून आणि अर्धे घरातली-बाहेरची कटकट मिटावी म्हणून. ठरलं असं की पहिली पाळी टेलला द्यायची, वरच्यांनी तोवर आपापले गेट बंद ठेवायचे.

पाणी सुटलं. आम्ही सगळ्यांनी प्रामाणिकपणे गेट बंद ठेवले. वर एकूण एक गेट तपासलं गेलं, फक्त टेलला नहर उरली आहे का हे बघायचं कोणालाच सुचलं नाही. वर्षानुवर्षं तिथे पाणी पोचलं नव्हतं, म्हणून टोल्याच्या लोकांनी नहरीचा रस्ता केला होता. कोरड्या तळातून बैलबंड्या जायच्या, कडेला बेशरमची झाडी माजली होती, आत गोवऱ्या वाळत घातलेल्या, आणि वळणावर येण्याजाण्यासाठी नहरीची पार, म्हणजे काठाचा मातीचा बांध, फोडून चांगला ऐसपैस उतार केलेला. फादर स्वतः दर आठवड्याला त्याच उतारावरून टोल्यावर जात होते. कोणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही. गोवऱ्या तरंगत तरंगत पुढे आल्या आणि मागून सगळं पाणी त्या उतारावरून नाल्यात गेलं. टोल्यावरची पोरं ओरडत, हातांनी माती लोटत होती. फादर धावत आले, उभे राहून बघत राहिले आणि आधी हसले. मग खाली बसले. "माझ्याच रस्त्यानं गेलं, बाई," म्हणाले. त्या पाळीचं पाणी ना टेलला मिळालं ना आम्हाला. आमचं धान पिवळं पडलं. देवराव म्हणाले, पुन्हा टेलचं नाव माझ्यापुढे काढू नका. शनिवारच्या पडवीत माणसं येईनाशी झाली.

त्या उन्हाळ्यात फादरांनी टोल्याच्या लोकांबरोबर तो उतार बुजवला. घमेलं उचलायचे, चार पावलं टाकायचे आणि दम खात थांबायचे. आजार तेव्हाच आत शिरला होता, आम्हाला ते म्हातारपण वाटलं. पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपल्यावर त्यांना नागपूरला नेलं. मी एकदा भेटायला गेले तेव्हा विचारलं, आता टेलचं पुढे काय करायचं? ते खिडकीकडे वळले. म्हणाले, "मला नका विचारू. सुकवंताला विचारा..." आणि मग, "बाई, मी दमलो हो." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी उशी नीट केली आणि निघाले.

ते गेल्यावर गावात शोकसभा झाली. ज्यांनी पडवीत पाऊल ठेवलं नव्हतं तेही माइकवर बोलले. माणुसकीचा झरा, दीनदुबळ्यांचा आधार... देवरावही बोलले, आणि चांगलं बोलले. मग मौन झालं, सगळे खाली बसले. सुकवंताबाई उभीच राहिली. तिला वाटलं असेल संपलं नाही, म्हणून मी तिचा पदर ओढला, तर तिने तो सोडवून घेतला.

"फादरजीचं समदं आयकलं," ती म्हणाली. "आता पाळीचं सांगा. यंदा पानी आधी कोठी सोडता?"

देवराव म्हणाले, "सुकवंता, हे शोकसभा होय."

"होय जी. म्हनूनच इचारून राहिली. आज समदे एका जागी हायत. उतार आमी बुजवला, बेशरम तोडली, गोवऱ्या काढल्या. कोनी पाहाले बी आलं नाही."

कोणीतरी आभार मानले आणि सतरंज्या गुंडाळायला घेतल्या.

मला राग आला होता, आणि तो सुकवंताचा नव्हता, फादरांचा होता. माणूस निघून गेला आणि भांडण आमच्या घरात ठेवून गेला. आमच्या बांध्यांतही उन्हाळी धानाचे परे, म्हणजे रोपं, लावून झाले होते, त्यांनाही पाणी हवंच होतं, आणि मागच्या वर्षीचं पिवळं धान मी विसरले नव्हते. घरी देवराव म्हणाले, "तू कायले गप्प बसून राहिली होती? तू तं त्यायची विद्यार्थीन." मी म्हटलं, "तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हीच सांगा." त्यानंतर जेवताना भाताचं बोलायचो, पाण्याचं नाही.

पाळीच्या दिवशी मी उठले तर देवराव घरात नव्हते. वावरात गेले. आमचं गेट बंद होतं, आणि नुसतं बंद नाही, फटीत धानाचं तणीस आणि चिखल दाबून बसवलेला. नहर भरून चालली होती आणि पाणी आमच्या कोरड्या बांधीसमोरून सरळ पुढे जात होतं. बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून मी ते बघितलं. अभिमान वगैरे वाटला म्हणून लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण मला आधी आमचे सुकणारे परेच दिसले. मग पाण्याच्या मागे मागे नहरीच्या पारीवरून चालत टेलपर्यंत गेले; वाटेतलं एकूण एक गेट बंद होतं.

बुजवलेल्या वळणावर टोल्याची सगळी माणसं जमली होती. तिथे माती दाबताना फादर ज्या चपट्या दगडावर बसून दम खायचे तो दगड तसाच पारीवर होता. देवराव चपला काढून त्याच्याशेजारी उभे होते, पायांनी माती दाबत होते. पाणी वळणावर आलं, चढलं, एका जागेतून पाझरायला लागलं. देवरावांनी गळ्यातला दुपट्टा काढला, गोळा करून त्या भोकात कोंबला, वर चिखल थापला आणि दगडावर बसले. पार टिकली. पाणी वळलं आणि सुकवंताबाईच्या बांधीत उतरलं. बांधी भरायला बराच वेळ लागला. मला तेव्हा रडू आलं, कोहमाऱ्याला आलं नव्हतं ते.

दुसरीही बांधी भरली तशी सुकवंताबाई पदराला हात पुसत आली. म्हणाली, "माहं झालं जी. जा आता, तुमचं गेट सोडा. तुमचे परे बी सुकून राहिले असन."

देवराव उठले नाहीत. पलीकडे बघत म्हणाले, "थांब. तुह्या मागं अजून कोनी हाय का?"

"माह्या मागं कोन राहीन? मागं जंगल हाय."

तरी देवराव उठून बघायला गेले.