कोरा तळहात

“मोकळा हात रंगतो, धरलेला कोरा ऱ्हातो,” हे आमचे सर चहा पितानासुद्धा म्हणायचे. रांजणगावच्या कंपनीत आम्ही बाभळीच्या डिंकाची पावडर करायचो. डिंकातल्या साखरेचे कण एकमेकांना कसे जोडलेत, हे सर प्रयोगशाळेत शोधायचे आणि मी त्यांच्या बाटल्या धुवायचो.

प्रत्येक कणाला बरेच हात असतात, असं ते समजावायचे. डिंक अख्खा असतानाच मोकळ्या हातांना रंगासारखी खूण म्हणून मिथिल हे रसायन चिकटवायचं, मग ॲसिडनं सगळी साखळी तोडायची. सुट्या कणाचा जो हात कोरा निघेल, तो कुणीतरी धरलेला होता. हे पटवायला त्यांनी एकदा कँटीनमध्ये आम्हा तिघांना हातात हात देऊन उभं केलं आणि टोकाच्या मोकळ्या हातांना लाल चटणी फासली. नेमके तेव्हाच मॅनेजर आले आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

सरांनी चाळिशी ओलांडली होती, लग्नाचा पत्ता नव्हता. साखरेवर तासभर बोलणारा हा माणूस स्टोअरच्या मॅडमसमोर मुका व्हायचा. नको असलेल्या बाटल्या मागायला जायचा आणि त्याही विसरून यायचा.

मग मॅडमनी नोटीस दिली. वडील आजारी, त्या दौंडला घरी परतणार होत्या. सरांच्या हातून काचेची भांडी फुटायला लागली. शेवटी मीच म्हणालो, “सर, आता तरी बोला.”

“त्यांच्या मनात काय हाय, त्याचा पुरावा कुठाय?”

मॅडमचा शेवटचा दिवस रंगपंचमीचा निघाला. सुट्टी झाल्यावर आम्ही गेटवर बसची वाट बघत होतो, तेवढ्यात पॅकिंगची पोरं बादल्या घेऊन तुटून पडली. सगळे डोळे घट्ट मिटून उभे राहिले.

बसमध्ये नखशिखांत हिरव्या झालेल्या सरांनी दांडा धरायला उजवा हात वर केला. ड्रायव्हर मामांनी आरशातून पाहिलं.

“सर, ह्यो हात कोरा कसा वो ऱ्हायला?”

सगळ्या बसनं वळून पाहिलं. सर घसा खाकरत म्हणाले, “पुरावा अर्धवट हाय, मामा. हात धरला व्हता एवढंच कळतं. कुणी, ते न्हाई कळत.”

पुढच्या सीटवर मॅडम मूठ आवळून बसल्या होत्या. मागं न बघता त्यांनी डावा हात वर केला आणि मूठ उघडली.

आता दोघं दौंडला असतात. सर तिथं कॉलेजात शिकवतात. मला त्यांची फार आठवण येते.

यंदाच्या रंगपंचमीलाही मामांनी बस सोडण्याआधी सगळ्यांना हात वर करायला लावले. मीही माझे पाहिले. दोन्ही हिरवेगार, पार मनगटापर्यंत.