रक्त ओळखणारे काका

तुमचं नाक कोणाचं आहे, याचा तुम्ही कधी शोध घेतला आहे का? घेतला नसेल, तर माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, तुम्हाला कधी भेटले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्या माणसाकडे न बघता थेट त्याच्या आज्याकडे बघणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस साऱ्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही. दिघीच्या खाडीपासून तासाभराच्या वाटेवर त्यांचं घर. ओटीवर पाहुणा टेकला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "कोणाचा?" पाहुण्याने बापाचं नाव सांगितलं की काका डोळे मिटून म्हणायचे, "म्हणजे चहाला नको म्हणणार आणि दोनदा घेणार. तुझ्या आजीचं तसंच होतं." पाहुणा बिचारा हट्टाने एकच कप घेऊन उठला, तर काका मागून सांगायचे, "बघा, आजा हट्टीच होता."

गावात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी काका पाळण्याशी हजर. नाक आजोबांना, कान मामाला, कपाळ थोरल्या मावशीला, अशी जमिनीसारखी वाटणी करायचे आणि आईच्या वाट्याला बहुधा रडणं तेवढं ठेवायचे. एका हनुवटीच्या वाटणीवरून दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकदा त्यांचा बैल चिखलणीला शेतात उतरेना. काकांनी निदान केलं, "याची आजी पाण्याला भ्यायची." पुढे बैलाच्या खुरातून बाभळीचा काटा निघाला आणि बैल खुशाल उतरला. काका जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "काटा सगळ्यांच्याच वाटेत असतो. लागतो तो ज्याच्या रक्तात हाय त्यालाच."

स्वतःच्या घराण्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या आजोबांना म्हणे राग आला की ते ताट भिरकावत. म्हणून काकाही भिरकावत. फक्त आधी भात संपवत. त्यासाठी आत्याने पोचे आलेलं एक जर्मनचं ताट वेगळं काढून ठेवलं होतं, आणि काका संतापाने थरथरत तिला विचारत, "ते ताट कुठं ठेवलंस?" पणजोबांनी बिबट्याच्या कानफटात मारली होती, तेव्हा काकाही निधड्या छातीचे. अंगणात खेकडा आला की मात्र खाटेवर चढायचे. "ही भीती पणजीची," ते वरून सांगायचे.

आता मी पडलो चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा पत्रकांचा गठ्ठा उंच. जन्माने कोणी थोर नाही, माणूस परिस्थितीने घडतो, हे मी बाराखडीबरोबर शिकलो आणि त्यातल्या एका अक्षरावरूनही मागे हटायला आज तयार नाही. कारण 'रक्त, रक्त' म्हणतच याच देशात माणसांना पाणवठ्यावरून हाकललं गेलं आहे. एका सुट्टीत मी स्वतः लिहिलेलं पत्रक काकांना खडा आवाज लावून वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "झकास हाय," ते म्हणाले, "पण हे तुला कागदांनी न्हाय शिकवलं. तुझा आजा बैलाशीसुद्धा वाद घालायचा."

इथवर सगळी गंमत होती. पण माझी आतेबहीण सुमन लग्नाची झाली आणि गंमत संपली. दिघीच्या शाळेतल्या एका मास्तरांशीच लग्न करायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मास्तर तान्हे असताना त्यांचे आईबाप पटकीच्या साथीत गेले आणि एका किराणा दुकानदाराने त्यांना वाढवलं. मागणी घालायला ते एकटेच आले. ओटीवर काका आणि मी, उंबऱ्यात भिजवलेले वाल सोलत बसलेली आत्या, आणि दाराआड सुमन, तोंड पांढरं पडलेली.

"आज्याचं नाव?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"पणज्याचं?"

"तेही नाही."

"मग मी पोर द्यायची कोणाला? कुठलं रक्त, कशाचा पत्ता न्हाय."

मी पत्रकातलं पहिलं वाक्य उच्चारणार, तेवढ्यात आत्या वालावरची नजर न काढता म्हणाली, "तुमच्या आज्याचं नाव काय हो?"

काकांनी ताठ बसून ताटवाल्या आजोबांचं नाव सांगितलं.

"ते न्हाय. पालीकडच्यांचं."

मला काही कळेना. मग आत्यानेच सांगितलं. काका पाच वर्षांचे असताना पालीजवळच्या एका गावातून या घरात दत्तक आले होते. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं. विसरले होते ते फक्त काका, आणि तेही लपवायचं म्हणून नव्हे, अगदी मनापासून.

काका म्हणाले, "दत्तक घेताना होम झाला होता. होमात रक्त बदलतं."

"लग्नातही होम असतो, बाबा," सुमन दाराआडून म्हणाली.

काकांनी मास्तरांकडे बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मोठा होम घालावा लागेल," ते म्हणाले.

आणि घातला. मांडवात भटजींशेजारी ठाण मांडून काकांनी होमात इतकं तूप ओतायला लावलं की वऱ्हाडी खोकत अंगणाबाहेर गेले आणि नवरदेवांच्या मुंडावळ्या काळ्या पडल्या. भटजी डोळे पुसत "पुरे आता" म्हणाले. काका ऐकेनात. "बापाकडचं झालं, आईकडचं राह्यलंय. अजून एक पळी." सुमन खोकता खोकता हसत होती.

दोनेक महिन्यांनी काका मला म्हणाले, "पालीला येतोस का? एकट्याने जायला बरं न्हाय वाटत." आम्ही एसटीने गेलो. त्या घरात त्यांचा थोरला सख्खा भाऊ होता. दोघं म्हातारे ओटीवर समोरासमोर बसले. रक्त न मानणारा मी चोरून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"आई हसायची कशी?" काकांनी विचारलं.

"तुला नेलं तवा मी आठ वर्षांचा," भाऊ म्हणाला. "त्याच्या आधीचं मला आठवत न्हाय. नंतर तिला हसताना कधी पाह्यलं न्हाय."

परतताना काकांना सांगावं असं माझ्या एकाही पत्रकात काही नव्हतं.

तुमच्या ओळखीत असं कोणी दत्तक गेलेलं असेल आणि जन्मघरी त्याची आठवण असलेलं एखादं माणूस अजून हयात असेल, तर माझं एक काम करा. येत्या सुट्टीत त्याला तिथे घेऊन जा. तो नको म्हणेल, तरी न्या. पोचल्यावर ओटीच्या कडेला बसा आणि त्या दोघांना बोलू द्या.