आमचे खलनायक गावित

नाटकात भूमिका दिली की माणूस विचारतो, संवाद किती, कपडे कसले. गावितांचा पहिला प्रश्न असायचा, "सर, ह्याची आई जिती हाय का?"

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी दरवर्षी नाटक बसवायचं खूळ माझ्याच डोक्यात होतं. गावित फिटर, सुरगाण्याकडचे. उंचपुरे, घोगरा आवाज, जाड मिशा. खलनायक म्हणून असा माणूस अख्ख्या नाशकात मिळाला नसता, पण डोकं असं खायचे की विचारू नका.

"अहो, खलनायकाला कशाला हवीय आई?" मी म्हणायचो.

"आई नाय म्हंजे? आभाळातून पडला का?"

त्यांच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, राक्षसाचा मुखवटा गावितांच्या घरचा. तो चढवायच्या दिवशी ते उपास धरायचे. दारात नाचत आलेल्या राक्षसालाही बायका देवासारखंच ओवाळायच्या. हे सगळं त्यांनी तालमीत आणलं. ठेकेदाराचं काम असो की दरोडेखोराचं, प्रयोगाच्या दिवशी उपास, आणि मेकअपच्या आधी त्या पात्राच्या कपड्यांना नमस्कार. "शिव्या देऊन बोलावला तर तो अंगात येत नाय सर," असं वर मलाच शिकवायचे.

एका वर्षीचं नाटक मी स्वतः लिहिलं. त्यातला दादासाहेब म्हणजे माझे सख्खे काका. वडील गेल्यावर महिन्याभरात त्यांनी आईला आणि मला कळवणच्या घरातून बाहेर काढलं. मी नऊ वर्षांचा होतो. आमची ट्रंक अंगणात आली आणि दार लागलं. आई ते दुःख उरात घेऊनच गेली. नाटकात दादासाहेब दार लावून मोठ्याने हसतो, आणि शेवटी सगळं गाव त्याच्या तोंडावर थुंकतं. प्रयोगाला मी काकांना मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. गावितांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गावितांनी ट्रंक फेकली, दार लावलं. आता हसायचं होतं. हा माणूस हसेचना. मी विंगेत दातओठ खात उभा. त्यांनी मागे वळून दार बोटभर उघडलं आणि फटीतून बाहेर बघत राहिले. बराच वेळ. मग हळूच कडी घातली. शेवटी गाव थुंकलं तेव्हा एक टाळी पडली नाही. बायका डोळे पुसत होत्या, तेही त्या नालायकासाठी.

पडदा पडल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. "दार उघडायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? सगळा विचका केलात."

"सर, घरची मानसं घालवल्यावर कुठवर गेली ते मानूस बघंलच ना."

तेवढ्यात काठी टेकत काका आत आले. पंचवीस वर्षं घोकलेलं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं.

"दार मी उघडलं होतं," ते मला म्हणाले. "तुझी आई वळणावर दम खायला बसली होती. हाक मारायची होती रे. नाय मारली."

एवढंच बोलून ते गेले. गावित आरशासमोर बसून तोंडाचा रंग पुसत होते.

बक्षीस गेलं, त्याचं मला काही नाही. पण तो राग माझा होता. आईमागे तिचं म्हणून तेवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि त्यात या माणसाने हात घातला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. ते आपले रोज डब्यातली नागलीची भाकरी माझ्यापुढे सरकवायचे.

पुढे कारखाना बंद पडला. गावित गावी गेले आणि तिकडेच वारले. त्यानंतर दोन वर्षांनी काका गेल्याचा निरोप आला. काकांना मी माफ केलेलं नाही, आजही नाही. जायचं नाही असं ठरवलं, आणि कळवणची गाडी पकडली. खांदा दिला. स्मशानापर्यंत वाटभर मी मनातल्या मनात गावितांना शिव्या घालत होतो.