रिकाम्या वाटेवरची घंटी

वाटेवर चिटपाखरू नसताना सायकलची घंटी वाजवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. पुढे मोकळा कातळाचा सडा, मागे मोकळा सडा, आणि मधोमध आमचे कंपाउंडर ट्रिंग ट्रिंग करत चाललेले. "अहो, वाजवता कुणासाठी?" असं विचारलं की एक पाय जमिनीला टेकून आधी चारी बाजूंना बघायचे आणि मग म्हणायचे, "असेल हो बाई, कुणीतरी."

एकोणीसशे तीसच्या मागचीपुढची गोष्ट. रत्नागिरीपासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याला आमचा दवाखाना होता. डॉक्टर अधूनमधून यायचे. एरवी सगळा कारभार मी नर्सबाई आणि हे कंपाउंडर, दोघांचाच. माणूस मूळचा मिरकरवाड्याचा. भाऊ सगळे भर वाऱ्यात दर्यात होड्या घालणारे, आणि हा गृहस्थ उतार आला की सायकलवरून उतरून चालायचा! चढ मात्र धापा टाकत चढवायचा. "चढावर आपण सायकलला नेतो बाई, उतारावर ती आपल्याला नेते," असं त्यांचं म्हणणं. खिशात कायम पाना. कधी कुठला नट ढिला होईल, सांगता येतं का?

मी त्यांची भरपूर थट्टा करायचे. पण ती काळजी कुठून आली होती हेही मला ठाऊक होतं. त्यांची बायको पहिलटकरीण असताना तिला बैलगाडीतून आणत होते, सड्यावरच्या कातळवाटेनं. गचके सोसेनात. गाडीतच मुलगी झाली आणि गाडीतच आई गेली. त्या मुलीला या माणसानं एकट्यानं वाढवलं, तिच्या वेण्यासुद्धा स्वतः घातल्या.

पुढे मुलीला डोंगरापलीकडच्या गावात दिली. तिला दिवस राहिल्याचं कळलं, आणि कंपाउंडरांची झोपच उडाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात तिला आणायची. पण आणायची कुठल्या वाटेनं?

मग दर रविवारी सायकल काढायची, हँडलला पाण्यानं भरलेला पितळी तांब्या टांगायचा आणि डोंगरातल्या वाटा धुंडाळायच्या, असा यांचा उद्योग सुरू झाला. ज्या वाटेनं पाणी कमी सांडेल ती वाट लेकीची. आंब्याला मोहोर आलेला, करवंदीची जाळी पांढरी झालेली, पण यांचं लक्ष तांब्यात. संध्याकाळी दवाखान्यात येऊन मला तांब्या दाखवायचे. सड्यावरच्या वाटेनं तो रिकामा. वहाळाकाठच्या वाटेनं निम्मा, पण तिथे उतार भयंकर. देवीच्या राईतून मात्र तांब्या जवळजवळ भरलेला. झाडांखाली पाचोळ्याची मऊ गादी, शिमग्यात पालखी जाते तेवढी रुंद वाट. पलीकडे गावाकडे एक उभा उतार होता, पण लेकीला आणताना तो चढच.

"मग झालं की! आणा राईतून," मी म्हटलं.

"तसं कसं बाई? राईत चामडं न्यायचं नसतं. मी सायकलची सीटसुद्धा काढून बाहेर ठेवतो. गाडीला बैल आले, बैलांच्या गळ्यात पट्टे आले."

"सुंभाचे बांधा."

"तरी देवीला कौल लावायला हवा. आणि डावा आला, देवी नको म्हणाली म्हणजे?"

"मग दुसरी वाट."

"ती तर नको ना!" असं म्हणून तोंड पुसत बसले.

कौल काही लागेना. एका सोमवारी गुरव नव्हता, दुसऱ्या सोमवारी अमावास्या जवळ आली, तिसऱ्या सोमवारी यांचंच मन घेईना. सातवा महिना गेला, आठवाही सरत आला. मी चिडून म्हटलं, "अहो, तुम्ही वाट शोधताय, पण पोटातलं पोर थांबणार आहे का तुमच्यासाठी?" त्यावर त्यांचा चेहरा पार उतरला.

आणि एक दिवस दुपारी मुलीच्या सासरचा गडी धावत आला. घामानं निथळत दारातच म्हणाला, "कंपाउंडरानू, ताईच्या पोटात दुकतंय, सकालपासना. सासूनं धाडलान मला. सुईण म्हनते, प्वार पायाळू हाय."

कंपाउंडर जागेवरून हलेनात. हातातली बाटली तशीच धरून उभे. मी बॅग उचलली. गाडी जुंपून जायचं तर काळोख पडला असता. "सायकल काढा," मी म्हटलं. "मी मागं कॅरियरवर बसते."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! चला आधी!"

नऊवारीत मागे बसलेली मी आणि पुढे कंपाउंडर. हसणारे हसले. राईच्या तोंडाशी आलो आणि यांनी सायकल थांबवली. खिशातून पाना काढला. मला आधी कळेना. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, पोर तिकडे अडलीय, आणि तुम्ही सीट कसली काढताय!"

"आजच्या दिवशी देवीला कसं दुखवू बाई?" आवाज रडवेला झाला होता. घाईत पाना नटावर बसेना. अखेर मीच त्यांचा हात घट्ट धरला, तेव्हा नट फिरला. मग माझी बॅग चामड्याची, तीही आलीच. आतलं सामान त्यांच्या उपरण्यात बांधलं. बॅग, सीट, दोघांच्या वहाणा झाडाखाली ठेवल्या आणि अनवाणी आत शिरलो.

त्या राईतून मी अनेकदा गेले असेन, पण इतकी लांब ती कधी वाटली नाही. पलीकडे बाहेर पडलो आणि समोर खाली गाव, मधे तो उभा उतार. मला वाटलं, आता हे उतरून चालणार. पण कंपाउंडर बिनसीटच्या सायकलवर उभे राहिले, म्हणाले, "घट्ट धरा," आणि सायकल सोडली. मी डोळे मिटून देवाचा धावा करत होते. कानात फक्त घंटी. वाटेवर कुणीही नव्हतं, तरी खालपर्यंत ते ती वाजवत होते.

बाळंतपण कठीण झालं. फार कठीण. बाहेर अंगणात ते येरझारा घालत होते, आणि मधूनच घंटी वाजत होती. सासू वैतागली. पण पोरीनं माझा हात दाबून म्हटलं, "राहू दे बाई. बाबा आलेत एवढं कळतंय." दिवेलागणीला मुलगी झाली, पायाळू. दोघी सुखरूप. मी बाहेर येऊन सांगितलं, तर कंपाउंडर मटकन खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, काय लपवायचं त्यात.

नात धावायला लागेपर्यंत ते होते. मग एका साली तापाचं निमित्त झालं. सायकल मुलीनं माझ्याकडे पाठवली, पान्यासकट. त्या वयात मी ती शिकले. गुडघे फोडून घेतले, लोकांची करमणूक केली, पण शिकले.

पुढे त्या गावातून एका बाळंतिणीचं बोलावणं आलं. राईच्या तोंडाशी मी बडबडत, चरफडत सीट काढली आणि झाडाखाली ठेवली. पलीकडे आले तर तो उतार. खाली उतरून चालू लागले. वाट रिकामी होती. कसा कोण जाणे, हात घंटीकडे गेला आणि मी ती वाजवली, खालपर्यंत.

वाटेवरच्या घरातून कंपाउंडरांची मुलगी धावत बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. अंगणाच्या टोकाला तिनं मला पाहिलं आणि तिथेच थबकली.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"हो गं बाय," मी म्हटलं.

तिनं तांब्या माझ्यापुढे केला. धावत आली होती, निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं.