अंभोरे बाबूंची कपात

देवमन अंभोरे यांनी वीस वर्षे आमच्या पगारातून कपात केली आणि ती कशाची, हे एकदाही सांगितलं नाही.

ते पंचायत समितीत पगारबिलं करत. कोणत्या तालुक्यात ते सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि मला या वयात भांडणं नकोत. साडेतीनशे शिक्षकांचा पगार त्यांच्या टेबलावरून निघायचा. हातभर लांबीचा कागद, त्यावर हाताने आखलेले रकाने: भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर, सोसायटी. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आणि जीभ कारल्यासारखी. कोणी काही विचारलं की चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "नियम हाये." पुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

१९९८ साली माझ्या पगारातून दरमहा एकशे बारा रुपये जास्तीचे कापले जाऊ लागले. मी तेव्हा घरबसल्या, पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर इंग्रजीचं एम.ए. करत होते. सासूचा विरोध, नवऱ्याचं मौन, आणि फी माझ्या पगारातून. एकशे बारा रुपयांनी माझं गणित कोलमडलं. रजा टाकून तालुक्याला गेले, रांगेत उभी राहिले, विचारलं. बाबू सगळ्यांदेखत म्हणाले, "विमलबाई, तुमी पोरं शिकवता का हिशेब करता? ज्याचं काम त्यानं करावं." रांग खो खो हसली. चौदा महिने ते पैसे कापले गेले, मग आपोआप थांबले. तोवर माझ्या परीक्षेचा फॉर्म राहून गेला होता. हे मी विसरले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

देवाची करणी अन् नारळात पाणी म्हणतात तसं, या माणसाने घर बांधलं ते आमच्या रिठदला, माझ्या घरापासून चौथं. आणि त्यांची मंजुषा पाचवीत माझ्याच वर्गात आली. बापाचा राग मी पोरीवर काढला नाही. पोरगी होतीच तशी. इंग्रजीचा धडा मी एकदा वाचला की ती दुसऱ्यांदा मला वाचून दाखवायची. पुढे ती एम.ए. झाली, बी.एड. झाली, आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जपानातल्या एका लहानशा गावी शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. जाताना माझ्या पाया पडली तेव्हा मी रडले. थोडं आनंदाने आणि थोडं हेव्याने, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या जून महिन्यात एक दिवस, साडेबारा वाजता, बाबू माझ्या ओसरीवर आले. हातात प्लास्टिकची नस्ती, कपाळावर घाम. निवृत्तीनंतर पहिल्यांदा ते माझ्या घरी येत होते.

"जय भीम, बाई. एक अर्ज इंग्रजीत करून द्या. एक तासात पायजे."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. नस्तीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तेच मोत्याचं अक्षर. विषय: माझ्या वेतनातून केलेल्या बेकायदेशीर वसुलीबाबत तीव्र आक्षेप. आत मुख्याध्यापकांनी अफरातफर केल्याचा संशय, चौकशीची मागणी, आणि खाली पाच जणांना प्रती. भारताचे राजदूत, जपानचे कामगार आयुक्त, आणखी कोण कोण, माहितीस्तव सविनय सादर.

"झालं काय?" मी विचारलं.

झालं होतं ते असं. काल मंजुषाचा पगार झाला आणि सात हजार येन कमी आले, म्हणजे आपले चार हजार रुपये. पगाराच्या चिठ्ठीवर एक रकाना चौदा महिने कोरा होता, त्यात आकडा आला होता. चिठ्ठी जपानीत. फोनने भाषांतर केलं तर 'रहिवासी कर' असं काहीतरी निघालं. तिच्याबरोबर एक नवी पोरगी आहे फिलिपिन्सची, दोघींचा पगार सारखा, पण तिच्या रकान्यात शून्य.

"पंधरा महिने राहून राह्यली, अन् राहन्याचा कर आताच कायले?" बाबूंचा आवाज चढला. "नियम बदलला तं आदेश पायजे. आदेश नाई, नोटीस नाई. एकाच ओळीत दोघी, अन् कापलं एकीचं. याले वसुली म्हन्तेत, बाई. म्या लय पायलं हाये. नाव काहीबी टाकतेत, अन् कापतेत ते आपल्याच मानसाचं."

ते खरंच त्यांनी पाहिलं होतं, आणि मीही.

"उद्या पुढच्या वर्षाच्या कराराची यादी जानार हाये. त्याच्या आधी आक्षेप नोंदवला नाई तं वसुली मान्य केल्यासारखं होते. त्याइचं ऑफिस पाच वाजता बंद होते. म्हंजे आपले दीड."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला वीस मिनिटं होती. मी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं. खरं सांगते, एक क्षण मनात आलं की लिहून द्यावं जसंच्या तसं, शब्दाला शब्द. माझं इंग्रजी काही इतकं गंजलेलं नाही. पडू दे एकदा या माणसाला तोंडावर. पण तोंडावर पडणार होती पोरगी. परक्या देशात, उद्या यादी जाणार आणि आज ती मुख्याध्यापकाला चोर म्हणणार. चोर नसला तर?

मी पेन खाली ठेवलं. "बाबू, ही कपात कशाची आहे?"

"सांगतलं ना. वसुली."

"कशाची वसुली?"

"बाई, तुमी अर्ज लिवा. हिशेबाचं मी..." आणि ते थांबले. त्यांना आठवलं की नाही, मला कळलं नाही. मला मात्र ती रांग आठवली, आणि हसणारे सगळे आठवले.

"आधी कशाची ते सांगा. तोवर मी एक अक्षर लिहिणार नाही."

ते उठून उभे राहिले. "माह्या पोरीच्या पोटावर पाय येऊन राह्यला, अन् तुमी जुनं उकरून काढता?"

"पोरीसाठीच विचारते."

इतक्यात त्यांच्या मागोमाग केशरबाई आल्या, बाबूंच्या घरच्या. हातात फोन, फोनवर मंजुषा. चेहरा सुकलेला, मागे शाळेचा लांब ओटा आणि ओळीने ठेवलेले बूट.

"बाई, झालं का हो? इथं सव्वाचार होऊन राह्यले," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मंजू, तू ऑफिसात कोणाला विचारलंस का, हे काय कापलं म्हणून?"

"नाई. बाबा म्हन्ले आधी लेखी, मंग तोंडी. अन् बाई, मले लाज वाटते. पंधरा महिने झाले, अजून पगाराची चिठ्ठी वाचता येत नाई असं म्हनतीन."

मी बाबूंकडे पाहिलं. केशरबाईंनीही पाहिलं. ही बाई नवऱ्यासमोर फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "तुमाले समजलं असन तं सांगा तिले. नसन समजलं तं तसं सांगा. पोरीची नोकरी घालवू नका आपल्या तोऱ्यापायी."

बाबू खाली बसले. अर्जाचा कागद त्यांनी दोनदा सरळ केला. फोनवर मंजुषा वाट बघत होती, मागून कुठलीशी घंटा झाली. मला वाटलं आता हा माणूस उठून जाणार, स्वतःच मोडक्या इंग्रजीत काहीतरी लिहिणार आणि पाठवून देणार. त्यांनी पेनाचं टोपण काढलंही.

मग ते टोपण परत लावलं.

"मंजू," ते म्हणाले. "मले नाई समजत."

"काय, बाबा?"

"ते कायचं कापलं ते. मले नाई माहीत. मी आपला तर्क लावला. तू जाय ऑफिसात. चिठ्ठी समोर ठेव अन् सरळ इचार, हे काय हाये. लाजू नको."

फोन बंद झाला. एक वाजला होता.

वाट बघण्यासारखं वाईट काही नाही. सव्वा वाजला. केशरबाई पदराचं टोक पिळत होत्या. मी उगाच चहा ठेवला आणि तो उतू गेला. मला माझीच भीती वाटू लागली. समजा बाबूंचा तर्क खरा असेल? समजा खरंच कोणी तिला फसवत असेल, आणि मी माझ्या जुन्या रागाने तिचा अर्ज अडवला असेल? दीड वाजला. तिकडे ऑफिस बंद झालं असणार. बाबू घड्याळाकडे बघून मान खाली घालायचे, पुन्हा बघायचे.

एक चाळीसला फोन आला.

"बाबा, शाळेनं नाई कापलं! नगरपालिकेचा कर हाये. गेल्या वर्षीच्या कमाईवर यंदा लागते. मी आली तवा माही मागची कमाईच नव्हती इथं, म्हनून पयल्या वर्षी काहीच नव्हतं. त्या नव्या पोरीचंबी असंच हाये, तिले पुढच्या जूनमधी लागन. अन् बाबा, मे महिन्यात मले याचा लांबलचक कागद देल्ला होता. जपानी पाहून म्या तसाच कप्प्यात ठेवला."

"म्हंजे वसुली नाई?"

"नाई, बाबा. ऑफिसातल्या बाईनं कागदावर बारा खाने काढून समजावलं, ऑफिस बंद झालं तरी बसली माह्यासाठी. अन् उद्याच्या यादीत नाव हाये माह्यं. ती हसून म्हने, एवढे दिवस इचारलं काहून नाई?"

केशरबाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. मंजुषा आणखी काही बोलत होती, जेवलात का नाही, पेरणी झाली का, असलं काही. बाबू हं हं करत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी आपला अर्ज पुढे ओढला.

"बाई," ते म्हणाले, "ते तुमचे एकशे बारा."

त्यांना आकडा आठवत होता. सत्तावीस वर्षांनी आकडा आठवत होता.

"माह्या आधीच्या बाबूनं लावले होते. बदली झाली त्याची, अन् मी त्या टेबलावर बसलो. मागच्या महिन्याचं बिल पाहून पुढचं उतरवाचं, असं चाले. कायचे होते, मले नव्हतं माहीत. साहेबाले इचारलं असतं तं म्हनला असता, एवढं समजत नाई तं या खुर्चीवर कसा बसला. आमच्यातून त्या खुर्चीवर बसलेला मी पयला होतो, बाई. म्हनून मी नाई इचारलं. तुमी इचारलं, तं तुमाले झापलं."

माझा राग निवळायला हवा होता. निवळला नाही. कोणी ठरवून कापलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. इथे कोणाला काही माहीतच नव्हतं, आणि माझं एम.ए. त्यात गेलं. "चौदा महिने, बाबू," मी म्हणाले. "मी फॉर्म भरला नाही. परत कधी भरलाच नाही."

"माहीत नव्हतं ते मले," ते म्हणाले.

मग त्यांनी मंजुषाचा अर्ज उलटा केला. पाठ कोरी होती. पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश लिहू लागले. विषय: सन १९९८ मध्ये माझ्या वेतनातून दरमहा रुपये ११२ कोणत्याही आदेशाशिवाय कपात केल्याबाबत. चौदा महिने, एकूण रुपये १५६८. जबाबदार कर्मचारी, या शब्दांपुढे स्वतःचं पूर्ण नाव. खाली प्रती तीन.

"पैसे मिळतीन का नाई, सांगता येत नाई," ते म्हणाले. "पन उत्तर द्याच लागन पंचायत समितीले. इथं सही करा."

त्यांनी पेन पुढे केलं. मी पगारबिलावर जन्मभर मराठीत सही केली होती. त्या दिवशी इंग्रजीत केली, आणि खाली तारीख टाकली.